काचेवर उतरलेली काळबादेवी

मुंबईच्या इतिहासाला दस्तऐवजांची वाण कधीच पडलेली नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारापासून जकातीच्या आकड्यांपर्यंत आणि हायकोर्टाच्या निवाड्यांपासून गिरण्यांच्या ताळेबंदांपर्यंत या शहराने आपल्यामागे एवढे कागद ठेविले आहेत की, एखाद्या व्यासंगी माणसाचे आयुष्य त्यांतल्या एका कपाटापुढे सरून जावे. परंतु ज्या रस्त्यांवर शहराचा नित्यव्यवहार चालत असे, त्या काळबादेवी, भुलेश्वर, पायधुनी आणि भेंडीबाजार येथील दुकानांची दर्शनी बाजू कशी होती, ओट्यावर कोण टेकत असे, गिऱ्हाईक जोडे कोठे काढीत असे, हमाल पाठ टेकावयास कोणता कोपरा धरीत असे, हे विचारू लागले की ही सारी दप्तरे मुकी होतात. कर किती वसूल झाला ते कारकुनाने लिहून ठेविले. ज्या गादीवर बसून व्यापाऱ्याने तो पैसा मिळविला, त्या गादीचे वर्णन करण्याचे त्याला काही कारण नव्हते. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध करून ही उणीव शब्दांनी पुष्कळ भरून काढली, आणि त्याबद्दल मराठी वाचकाने त्यांचे ऋण कायम मानिले पाहिजे. शब्दांच्या पलीकडचा पुरावा मात्र छायाचित्रांतच सापडतो, आणि त्या पुराव्याचे वैशिष्ट्य असे की, तो ज्यांच्या हातून निर्माण झाला त्यांचे लक्ष दुकानांकडे क्वचितच होते.

छायालेखनाची विद्या मुंबईत आली ती फार लौकर. १८३९ साली पॅरिस येथे दागेरच्या शोधाची वार्ता जाहीर झाली. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील अशाच संस्था त्यानंतर, १८५६ साली निघाल्या. ही संस्था केवळ गोऱ्या अंमलदारांच्या करमणुकीची जागा नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी संबद्ध होते, आणि नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम प्रतीची छायाचित्रे काढीत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्गच सुरू झाला; त्यातून हरिश्चंद्र चिंतामण हे तयार झाले आणि पुढे त्यांनी रॅम्पार्ट रोवर आपली चित्रशाळा थाटली. एतद्देशीयांनी हे यंत्र हाताळावयास पिढी-दोन पिढ्या घेतल्या असतील, असा जो समज सर्वसाधारणपणे असतो, त्याला या इतिहासात आधार नाही. यंत्र हाती आल्यावर आपल्या लोकांनी ते कोणाकडे वळविले, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

रस्त्याचे छायाचित्र काढणे त्या काळी किती कष्टाचे काम होते, हे ध्यानात घेतल्यावाचून ती चित्रे वाचता यावयाची नाहीत. काचेच्या पट्टीवर कलोडियनचा चिकट लेप द्यावयाचा, ती अंधारात रौप्यलवणाच्या द्रावात बुडवावयाची, ओली असतानाच यंत्रात बसवून उजेड दाखवावयाचा, आणि लेप वाळण्यापूर्वी पुन्हा अंधारात नेऊन चित्र उमटवावयाचे, असा हा सारा खटाटोप काही मिनिटांत पुरा व्हावा लागे. मुंबईच्या उष्म्यात तर ही मिनिटेही कमी होत. छायाचित्रकारामागे तंबू, पाण्याची भांडी, रसायनांच्या बाटल्या आणि त्या वाहणारे हमाल असा सगळा लवाजमा चाले. त्यातच उजेड घेण्यास काही सेकंद लागत. त्या सेकंदांत जे स्थिर राहिले तेवढे काचेवर उतरले. जे हलले ते धुक्यासारखे पुसट झाले, आणि जे झपाट्याने निघून गेले त्याची खूणही उरली नाही. म्हणूनच १८६०च्या सुमाराची मुंबईच्या रस्त्यांची चित्रे पाहताना शहर ओस पडले होते की काय, असा भास होतो. शहर मुळीच ओस नव्हते. १८६४च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला होता आणि शेअरांच्या वेडाने पेढ्यापेढ्यांवर झुंबड उडत होती. तो गजबजाट काचेला दिसला नाही. तिला दिसला तो ओट्यावर मांडी घालून बसलेला दुकानदार, भिंतीला टेकून डुलकी घेणारा पहारेकरी आणि खटाऱ्याला जुंपलेला, रवंथ करीत उभा राहिलेला बैल. जुन्या मुंबईच्या या चित्रांत निश्चल माणसांनाच अमरत्व लाभले आहे, आणि ज्यांच्या धावपळीवर शहर उभे होते ते हमाल, भिस्ती आणि फेरीवाले पुसट रेघांच्या रूपाने मागे राहिले आहेत. अशा चित्रात एखाद्या दुकानापुढे पांढुरका डाग दिसला तर त्याला काचेचा दोष म्हणून सोडून न देता, तेथून कोणी माणूस गेला होता असे समजावे.

याच काळात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील नाना जातीजमातींच्या लोकांचे दोन ग्रंथ काढले. पहिला १८६३ साली गुजरात, कच्छ व काठेवाडकडील लोकांचा, आणि दुसरा १८६६ साली महाराष्ट्रातील लोकांचा. या ग्रंथांतील चित्रांत भाटिये, परभू, कोळी, ब्राह्मण असे लोक मुंबईच्या सुप्रसिद्ध स्थळांपुढे उभे वा बसलेले दिसतात. बारकाईने पाहिल्यास कळून येते की, माणसांची चित्रे एकीकडे घेतलेली आहेत, स्थळाचे चित्र दुसरीकडे घेतलेले आहे, आणि नंतर दोहोंचा सांधा जुळविलेला आहे. माणसाची सावली एका दिशेस पडते आणि मागच्या इमारतीची दुसऱ्या. जॉन्सनने लबाडी केली असे मी म्हणत नाही. त्या काळच्या साधनांनी घोळका आणि देखावा ही दोन्ही एका काचेवर स्वच्छ आणणे जवळजवळ अशक्य होते, आणि वेष दाखविणे हाच त्याचा उद्देश होता. परंतु ज्याला रस्त्याचा इतिहास हवा आहे, त्याने अशा चित्रांतून पगडीचा आकार घ्यावा, अंगरख्याची घडी घ्यावी; तो माणूस त्या जागी कधी उभा होता, असे मात्र गृहीत धरू नये. छायाचित्र खोटे बोलत नाही, हा समज इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारा नाही.

१८७० नंतरच्या दशकात जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा प्रचारात येऊ लागल्या आणि परिस्थिती पालटली. काच आगाऊ तयार ठेवता येऊ लागली, तंबूचे ओझे गेले, आणि उजेडाचा अवधी सेकंदाच्या अंशावर आला. बोर्न अँड शेफर्ड, क्लिफ्टन आणि कंपनी, आणि १८९६ साली मुंबईत आपली शाखा उघडणारे राजा दीनदयाळ यांच्या काळातील काळबादेवी, भेंडीबाजार येथील जी चित्रे आज वस्तुसंग्रहालयांतून पाहावयास मिळतात, त्यांत गर्दी प्रथमच माणसांची म्हणून दिसू लागते.

काळबादेवी रस्त्याचे असे एखादे चित्र भिंग लावून पाहावे. किल्ल्याला १८०३च्या फेब्रुवारीत लागलेल्या मोठ्या आगीनंतर एतद्देशीय वस्ती तटबंदीबाहेर ज्या वेगाने पसरली, त्या वेगाची साक्ष या रस्त्याच्या दोहो बाजू देतात. घरे तीन-तीन, चार-चार मजली, अंगाला अंग लावून उभी. खाली दुकान, वर बिऱ्हाडे. दर्शनी बांधणी बहुतेक लाकडाची, आणि त्या लाकडावर गुजराती सुतारांनी केलेली नक्षी अशी की, एकेका टेकणीवर मोर, वेली, क्वचित घोड्याचे मुख कोरलेले आढळावे. सज्जे पुढे आलेले, त्यांवर कपडे वाळत पडलेले, आणि सज्जाखाली दुकानांपुढे गोणपाटाची किंवा जाड कापडाची छते बांबूंवर ताणलेली. या छतांमुळे दुकानाचा अंतर्भाग गडद सावलीत बुडतो आणि चित्रात तो काळाच दिसतो; परंतु भिंग स्थिर धरले तर त्या काळोखातून प्रथम पांढरी गादी उमटते, मग तक्का, मग तक्क्याला टेकलेल्या शेटजींची पगडी, आणि शेवटी त्यांच्यापुढील उतरत्या मेजावर चोपडी उघडून बसलेला मुनीम. दुकानाला काच नाही, दार नाही. सकाळी फळ्या काढून ओट्याच्या कडेस रचून ठेवावयाच्या आणि रात्री एकेक खाचेत सरकवून आडवा अडसर घालावयाचा, अशी ती रीत. गिऱ्हाईक आत जात नसे; ते ओट्याशी येई, जोडे उतरवी आणि गादीच्या कडेवर बसे. माल मांडून ठेवलेला नसे, तो मागच्या फडताळांतून काढून दाखविला जाई. ज्यास आज आपण दुकानाची सजावट म्हणतो, तिचा तेथे मागमूस नाही. पाटीही पुष्कळ ठिकाणी नाही. पेढी शेटजींच्या नावाने ओळखली जाई, आणि ते नाव ज्याला ठाऊक नसे त्याचे तेथे काम नसे.

रस्त्यावरच्या माणसांची ओळख पटविण्याचे साधन म्हणजे त्यांचे शिरोभूषण. मुंबईत त्या काळी बोडक्या डोक्याने सभ्य माणूस घराबाहेर पडत नसे, आणि पगडीवरून माणसाची जात, प्रांत व पुष्कळ वेळा धंदाही सांगता येई. भाटियांची टोकदार लाल पगडी, पारशांची चकचकीत मागे कललेली टोपी, परभूंची आणि ब्राह्मणांची निरनिराळ्या घाटाची चक्री पगडी, घाटावरच्या माणसाचे सैल पागोटे, कोकणी मुसलमानाचा फेटा, हमालाच्या डोक्याला गुंडाळलेले नुसते फडके, ही सारी काळबादेवीच्या एका चित्रात शेजारी शेजारी सापडतात. रंग काचेला दिसत नाहीत, घाट तेवढा दिसतो, आणि तो पुरेसा असतो. या गर्दीत बायका थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्यांच्या डोक्यावर बहुधा पाटी, हारा किंवा घागर आहे. मासळीची पाटी घेतलेली कोळीण, विटा वाहणारी मजुरीण, फळांच्या करंडीशी बसलेली बाई, यांनाच रस्ता मोकळा होता. घरंदाज कुटुंबातील स्त्री या चित्रांत शोधावयाची असेल तर नजर वर नेली पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरच्या झरोक्यात पडदा किंचित सरकलेला असतो. आणखी एक गोष्ट प्रत्येक चित्रात असते. यंत्राकडे पाहण्याचे कुतूहल मोठी माणसे आवरतात; मुले आवरीत नाहीत. रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून थेट आपल्याकडे पाहणारा एखादा पोरगा, कमरेला करगोटा आणि हाती काही नाही असा, या सगळ्या चित्रांत कोठे ना कोठे भेटतोच, आणि सबंध चित्रात आपल्याशी नजर मिळविणारा तोच एक असतो.

अशा चित्रांवर तारीख बहुधा नसते. खाली इंग्रजीत ‘नेटिव्ह टाउन, बॉम्बे’ एवढाच मजकूर असतो. रस्त्याचे नावसुद्धा पुष्कळदा नाही. तथापि रस्ताच आपली तारीख सांगतो. कोपऱ्यावर गॅसचा खांब असेल तर चित्र १८६५च्या ऑक्टोबरनंतरचे, कारण त्या महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले. रस्त्यात लोखंडी रूळ असतील तर ते ९ मे १८७४ नंतरचे. त्या दिवशी घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि तिच्या दोन मार्गांपैकी एक बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुनीस जात असे. रुळांवर घोडे असतील तर १ ऑगस्ट १९०५ च्या आधीचे, कारण त्या दिवशी घोड्यांची ट्राम बंद झाली. आणि डोक्यावर तारांचे जाळे दिसले तर ७ मे १९०७ नंतरचे, कारण विजेची ट्राम त्या तारखेस धावू लागली. दूरवर राजाबाई मनोऱ्याचे टोक दिसत असेल तर १८७८च्या अलीकडे यावे लागते. या रीतीने एकाच रस्त्याची दहा-बारा चित्रे ओळीने मांडता आली, तर एखादे दुकान वीस वर्षांत कसे पालटत गेले, हे जणू डोळ्यांदेखत घडते. गोणपाटाच्या छताच्या जागी पत्र्याचे छत येते. नळीच्या कौलांच्या जागी मंगलोरी कौले येतात. ओट्याच्या एका कडेस काचेचे कपाट उगवते. आणि प्रथम इंग्रजीत, मग गुजरातीत, मग बाळबोधात अशी पाटी चढते.

किल्ल्यातील दुकानांची हकीकत निराळी होती. तटबंदी १८६०च्या पुढील काही वर्षांत पाडली गेली, मोकळ्या जागेवर रुंद रस्ते झाले, आणि हॉर्नबी रस्त्यावर, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी मार्गावर, प्रत्येक इमारतीने पुढे कमानींची पडवी ठेवलीच पाहिजे असा १८९६ साली सरकारी नियम झाला. या कमानींखाली काचेची मोठमोठी दालने आली, विलायती माल आत मांडला गेला आणि पाहणारा बाहेर उभा राहू लागला. त्या दुकानांची चित्रे भरपूर आहेत, कारण ती त्यांच्या मालकांनीच काढवून घेतली. ती स्वच्छ आहेत, देखणी आहेत, आणि तपशिलाच्या दृष्टीने काळबादेवीच्या अस्ताव्यस्त चित्रांपुढे फार दरिद्री आहेत. जे चित्र जाहिरातीसाठी काढवून घेतले जाते त्यातून मांडलेले तेवढेच कळते. न मांडलेले कळावयास दुर्लक्षाने काढलेले चित्रच लागते.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी डॉ. अकाशिओ व्हीगस यांच्या ध्यानात आला, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत या रस्त्यांचे एक भयानक रूप काचेवर उतरले. प्लेगच्या बंदोबस्ताची नोंद म्हणून सरकारी प्रेरणेने जो चित्रसंग्रह तयार झाला, त्यात तपासणीची पथके, विलगीकरणाच्या छावण्या, चुन्याने धुऊन काढलेल्या गल्ल्या असे सारे आहे. जी घरे राहण्यास अयोग्य ठरली त्यांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविली जात. ज्या दर्शनी भिंतीवर पेढीचे नाव लिहिण्याची गरज कधी भासली नव्हती, त्या भिंतीवर पहिली ठळक अक्षरे लिहिली गेली ती अशी. पुढे १८९८ साली शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रस्ता हे नवे मार्ग कापून काढले गेले, हवा खेळू लागली, आणि त्यासाठी जी घरे व दुकाने पाडावी लागली ती कायमची गेली. ट्रस्टने केले ते आवश्यक होते, याविषयी मला शंका वाटत नाही. परंतु जे पाडले गेले त्याची पूर्ण नोंद करून मगच ते पाडावे, एवढी इतिहासबुद्धी त्या व्यवस्थेत असती तर बरे झाले असते. आज त्या गल्ल्यांतील ओटे, टेकण्या आणि सज्जे पाहावयाचे झाल्यास कोणी प्रवाशाने सहज म्हणून विकत घेतलेल्या चित्रावरच विसंबावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या चित्रांची पोस्टकार्डे झाली आणि ती हजारोंनी जगभर गेली. त्यांची छपाई पुष्कळदा युरोपात होई, आणि रंग भरणाऱ्या कारागिराला भाटियाच्या पगडीचा रंग ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. म्हणून पोस्टकार्डावरचे आकार विश्वसनीय समजावेत आणि रंग समजू नयेत. तरीसुद्धा जी मूळ काच फुटून गेली, तिची प्रतिमा अनेकदा या अल्प मोलाच्या वस्तूमुळेच शिल्लक राहिली आहे.

आता मघाशी बाजूस ठेविलेल्या प्रश्नाकडे येतो. यंत्र आपल्या लोकांच्या हाती १८५५ पासून होते. काळबादेवी आणि गिरगाव येथे पुढे मराठी, गुजराती, पारशी छायाचित्रकारांच्या चित्रशाळा निघाल्या. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे छायाचित्रांच्या धंद्यातूनच चलच्चित्रांकडे वळले, आणि दादासाहेब फाळक्यांचाही आरंभ छायालेखनाच्या व्यवसायात झाला. एवढे कौशल्य घरात असूनही आपण आपला बाजार काचेवर उतरविला नाही. आपण माणूस उतरविला. आजोबांना खुर्चीवर बसविले, शेजारी फुलदाणी ठेवली, मागे रंगविलेल्या खांबांचा पडदा सोडला आणि चित्र घेतले. मुंबईच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या कोणत्याही जुन्या पेढीवर जा. गादीच्या मागे, देवाच्या शेजारी, मूळ पुरुषाची तसबीर हार घालून टांगलेली दिसेल. त्या पुरुषाने जे दुकान उभारले त्याची तसबीर मागितली तर ती नसते. जावजी दादाजी यांनी १८६९ साली स्थापलेल्या निर्णयसागर छापखान्याने काळबादेवीच्या परिसरातून देवनागरी अक्षराला जे सौंदर्य दिले, ते सबंध भारताने वाखाणले. त्या गल्लीची सकाळ कशी असे, खिळे जुळविणारे कोणत्या दाराने आत जात, कागदाचे गठ्ठे कोठे उतरत, हे मला त्या अक्षरांइतकेच पाहावयास हवे होते. चेहऱ्याविषयीची ही ओढ आपल्या पितृभक्तीतून आली आहे आणि ती मला वंद्य वाटते. पण दुकान हेही पूर्वजांचेच शरीर होते, आणि ते नोंदीवाचून गेले.

काळबादेवीवर लाकडी टेकण्यांची काही घरे अजून उभी आहेत. मूळजी जेठा बाजारात आणि झवेरी बाजारात गादी-तक्क्याच्या पेढ्याही अजून आहेत. आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यापासून नागपूरच्या इतवारीपर्यंत प्रत्येक पेठेत दोन-तीन पिढ्यांची दुकाने पुनर्बांधणीची वाट पाहत आहेत. ज्या वाचकाच्या घरी अशा दुकानाचा, गल्लीचा, चाळीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याचा एखादा जुना फोटो असेल, त्याने तो उलटा करून त्यामागे मऊ पेन्सिलीने स्थळ, साल आणि दिसणाऱ्या माणसांची नावे आजच लिहावीत. शाई वापरू नये, ती कागदातून पाझरते. त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला अथवा वस्तुसंग्रहालयाला द्यावी. आणि ज्यांच्या दुकानाच्या फळ्या या वर्षी उतरून लोखंडी दार बसावयाचे आहे, त्यांनी सुताराला बोलाविण्यापूर्वी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस उभे राहून त्या दुकानाचे, ओट्यासकट आणि ओट्यावर बसलेल्या माणसांसकट, एक छायाचित्र घ्यावे.